गिअरची मूठ

श्रावणातल्या सोमवारी सकाळी किसनरावांनी डोळे उघडले तर त्यांनी मातीत घडवलेल्या गिअरच्या मुठीवर बेलाचं पान ठेवलेलं होतं. आधी त्यांना वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. अंगावरून वारं गेल्यापासून झोपेत काहीही दिसायचं, बिनचाकांच्या गाड्या, बिनतोंडाचे प्रवासी, त्यात हे एक. पण पान खरं होतं. त्यावरून पाण्याचा एक थेंब घरंगळत खाली आला आणि बैठकीच्या कडेला लोंबत राहिला. खिडकीत वाळत ठेवलेली मूठ भिंतीतल्या देवळीत गेली होती. खंडोबाच्या टाकाला आणि अन्नपूर्णेला जरा सरकवून तिला मधली जागा दिली होती. माती ओली होती तेवढ्यात कुणीतरी बैठकीची एक कड चिमटीत धरून पन्हाळी ओढली होती, आणि मुठीच्या गोलव्यावर भस्माची तीन बोटं फिरवली होती. कुणीतरी म्हणजे दुसरं कोण असणार? घरात माणसं दोनच. एक खाटेवर, आणि दुसरी मंजुळाबाई, जिला ते मनात अजूनही नुसतं मंजुळा म्हणत. ती देवळीपुढे डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, किती महिन्यांनी, आनंद होता. गणपती करता मारुती होतो म्हणतात. किसनरावांच्या हातून गिअर करता महादेव झाला होता.

"बराबर!" किसनराव ओरडले. "बराबर, बराबर!"

त्यांना म्हणायचं होतं, अगं, तो महादेव नाही, माझा गिअर आहे, आणि ते काम अजून पुरं झालेलं नाही, त्याच्या शेजारी बरंच काही यायचं आहे. मंजुळानं डोळे उघडले. ते पाण्यानं भरले होते.

"व्हय व्हय, बराबर," ती म्हणाली. "दिसून राहिला मला बी. अवो, एवढा झ्याक महादेव केला आन् मला सांगितलं बी न्हाई? देवानं तोंड बंद केलं, पर हातात सोता येऊन बसला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. वारं गेलं ते उजवं अंग आणि जीभ दोन्ही घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, एखादाच शब्द मागं राहतो, कोणता राहील ते सांगता येत नाही. किसनरावांच्या वाट्याला 'बराबर' आला. भूक लागली तरी बराबर, पाठ दुखली तरी बराबर, नको असलं तरी बराबर. आत तयार झालेला शब्द निराळाच असायचा, दाताशी येईपर्यंत तो बदललेला असायचा, आणि काय बाहेर पडलं ते त्यांना इतरांबरोबरच कळायचं. लिहून दाखवावं, तर डाव्या हाताची ना नव्हती, अक्षरंच परकी झाली होती. जन्मभर एसटीच्या पाट्या वाचलेल्या माणसाला 'हिंगोली' हे नाव मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायचं. मान हलवावी तर होकाराची आणि नकाराची आपसात अदलाबदल व्हायची. बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात हे खरंच, पण ज्याला एकच शब्द येतो आणि तोही होकाराचा, त्याची गत मुक्यापेक्षा वाईट. या शब्दाला अर्थ नाही हे घरात आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सोयीचं असेल तिथं लोक तो अर्थासकट घ्यायचे.

श्रावण लागता लागता पुण्याहून वैजनाथचा फोन आला होता, तेव्हाही तसंच झालं. मंजुळानं फोनचा आवाज मोठा करून तो खाटेवर ठेवला, म्हणजे बापालाही लेकाचं बोलणं ऐकू यावं. वैजनाथ म्हणाला, प्रतिक्षाला डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं आहे, पोटातल्या लेकराला धोका आहे, आता आईनं आलंच पाहिजे.

"आन् ह्यांचं कसं?" मंजुळा म्हणाली.

"तेच सांगून राहिलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांना वर न्यायचं कसं? जळबाकाका म्हणून राहिले, गावाकडं गोरेगावला आणून सोडा, आमी बघतो. सख्खा भाऊ आहे, परकं थोडंच हाये. लेकरू झालं, जरा मोठं झालं, की तू ये माघारी. बाबा, ऐकून राहिलात ना? चालंल ना तुमाला?"

किसनरावांनी सगळा जीव एकवटला. नको, हा दोन अक्षरांचा शब्द त्यांनी आत नीट उभा केला, त्याला धक्का लागू नये म्हणून श्वास धरला आणि मग सोडला.

"बराबर," ते म्हणाले.

"बघ!" वैजनाथचा आवाज एकदम मोकळा झाला.

"त्यांचं काय खरं धरतो रे," मंजुळा म्हणाली, पण म्हणायच्या आधी ती जराशी थांबली होती. तेवढं थांबणं किसनरावांच्या काळजात रुतलं. तिला दोष तरी काय द्यायचा? तिकडे सून पडून होती, इकडे नवरा पडून होता, आणि बाई एकटी. इचार करून सांगते, म्हणून तिनं फोन ठेवला, आणि भाकरी थापायला बसली तरी विचारच करत राहिली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास खाटेपर्यंत आला. गोरेगावचं घर किसनरावांच्या डोळ्यांपुढे होतं. जळबा वाईट नव्हता. त्याची माणसं वेळेवर जेवायला घालतील, अंग पुसतील, ओसरीच्या कोपऱ्यात खाट टाकतील, आणि मग कामाला जातील. त्याच कोपऱ्यात त्यांचा बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, कारण सगळं बोलून झालेलं होतं. किसनरावांना मरणाची भीती वाटत नव्हती, त्या भिंतीची वाटत होती. मंजुळा त्यांच्याशी दिवसभर बोलायची, भाजी काय आणली, नळाला पाणी किती कमी आलं, शेजारच्या जनकाबाईच्या सुनेनं काय तोंड वाजवलं. उत्तर 'बराबर' असंच येणार हे ठाऊक असून बोलायची. तेवढ्यावर ते जगून राहिले होते.

त्या दुपारी त्यांना मातीची आठवण झाली. ती माती प्रतिक्षानं पाठवली होती, मागेच, आजारपणाच्या सुरुवातीला, पार्सलानं. पुण्यात ती लहान मुलांना हस्तकला शिकवायची. फोनवर म्हणाली होती, "बाबा, ही हवेवर वाळते, भट्टी लागत नाही. बोलता येत नाही ते हातानं करून दाखवा. चांगलं-वाईट बघू नका, मनात येईल ते करा." सून गुणाची होती. मंजुळानं पिशवी फोडून वास घेतला आणि नाक मुरडलं. पांढरीफटक, मैदा मळल्यासारखी, ना रंग ना गंध. "ही कसली माती?" ती म्हणाली होती. "आमच्या मातीत पाय रुतला तर चप्पल सोडून यावं लागतं." मग ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं ती डब्यात ठेवली, आणि डबा खाटेखाली सारला. आता किसनरावांनी डाव्या पायानं तो डबा पुढे ओढला. बुक्कीएवढा गोळा हातात घेतला. मातीला गारवा होता. बोटं आत जात होती आणि ती गप्प बसून घेत होती. आजारपणात पहिल्यांदा कशानं तरी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, असं त्यांना वाटलं आणि उगाच रडू आलं.

करायचं काय ते ठरवावं लागलं नाही, हातानंच ठरवलं. डावा हात. जेवताना, लिहिताना, नमस्कार करताना डाव्या हाताला कुणी विचारत नाही, पण ड्रायव्हरची गोष्ट निराळी. स्टिअरिंग उजव्याचं आणि गिअर डाव्याचा. किसनरावांच्या डाव्या हातानं जन्मभर तो लांब दांडा ओढला होता, ढकलला होता, उन्हाळ्यात फडकं गुंडाळून धरला होता. घर डेपोच्या मागच्या गल्लीत. सकाळी पहिली गाडी निघाली की नवा पोरगा गिअर कसा घासतो हे त्यांना खाटेवर ऐकू यायचं आणि पांघरुणात डावी मूठ आपोआप वळायची. जुन्या गाड्यांना ड्रायव्हरच्या शेजारीच इंजिन असायचं, त्यावर लोखंडी बॉनेट, त्यावर गोधडी. जागा नसली की ओळखीची बाईमाणसं तिथं बसायची, हिवाळ्यात ऊब लागायची, उन्हाळ्यात भाजून निघायची. मुठीच्या अंगठ्याच्या बाजूला झिजून खळी पडली होती. मातीच्या गोळ्यावर त्यांनी अंगठा दाबला तेव्हा ती खळी जशीच्या तशी उमटली, आणि किसनराव त्या गाडीत जाऊन बसले.

गोरेगावची मुक्कामी गाडी होती ती. लग्न होऊन काही वर्षं झालेली, मंजुळा गोरेगावला सासू-सासऱ्यांत, आणि ते हिंगोलीला डेपोच्या खोलीत इतर ड्रायव्हर-कंडक्टरांत. गाडीचा मुक्काम गोरेगावला लागला की घरी जायचं. पण घरी माणसं एवढी की बायकोशी दोन शब्द बोलायला आडोसा नाही. लेकरू होत नव्हतं. त्यावरून आई काय काय बोलायची ते त्यांना कळत होतं, आणि कळत नसल्यासारखं करून ते पहाटे गाडी काढायचे. एका सकाळी मंजुळा गाठोडं घेऊन गाडीत चढली. हिंगोलीला दवाखान्यात दाखवायचं होतं. गाडी दुधाच्या कॅनांनी भरलेली, कंडक्टरनं तिला बॉनेटवर बसवलं. धुकं होतं. नवरा शेजारी, पण बोलायचं कसं? बराच वेळ ती पदर घट्ट लपेटून, गुडघे पोटाशी घेऊन नुसती समोर बघत होती. नाल्यावरचा पूल आला, पुढे चढ. त्यांनी गिअर बदलायला हात घातला, आणि तिचा हात त्यांच्या हातावर आला. गाडीभर माणसं, तो काळ असा, आणि ही बाई नवऱ्याचा हात धरते! इंजिनाच्या घरघरीत तिनं त्यांच्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "आता मला गोरेगावला धाडू नका." तिनं रडून सांगितलं नाही. विनवलंही नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, चढ होता. "बराबर," ते म्हणाले आणि तिच्या हातासकट मूठ मागे ओढली. त्याच महिन्यात त्यांनी हिंगोलीत खोली घेतली. आईनं पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या एका शब्दावर मंजुळानं संसार मांडला. आता सगळे शब्द गेले आणि तोच राहिला, याला डॉक्टर काहीही म्हणोत, किसनरावांना त्यात आपलं काहीतरी दिसायचं.

तेच त्यांना मातीत करायचं होतं. गिअर, शेजारी बॉनेट, बॉनेटवर मंजुळा. ते पाहिलं की तिला पूल आठवेल, आपलं बोलणं आठवेल, आणि मग सांगायचं काही उरणार नाही. मीही आता तेच म्हणतो आहे, मला गोरेगावला धाडू नको. दांडा उभा राहीना, माती मऊ, म्हणून तो आखूड केला आणि खाली चपटी बैठक दिली. मूठ मात्र अस्सल झाली. थकून त्यांनी ती खिडकीत ठेवली, बाकीचं उद्या, आणि तेवढ्यात श्रावणी सोमवार आडवा आला.

आता देवळीतून ती मूठ परत कोण मागणार? मंजुळा रोज सकाळी तिच्यावर तांब्यातून धार धरायची, बेल वाहायची. हवेवर वाळलेली माती ती, पाणी लागलं की विरघळणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धारेबरोबर पन्हाळीतून पांढरं पाणी उतरू लागलं. जनकाबाई साखर मागायला आली होती, ती दारातच थबकली. "अगं बाई! मंजुळे, पिंडीतून दूध येऊन राहिलं की!" झालं. दुपारपर्यंत गल्लीतल्या बाया ताटं घेऊन हजर. मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या कामाला जाणाऱ्या बाया पिवळ्या हातांनी पाया पडून गेल्या. त्यांच्या अंगाला कच्च्या हळदीचा वास होता आणि तो वास संध्याकाळपर्यंत खोलीत राहिला. कुणी खाटेच्या पायथ्याशीही डोकं टेकवलं. "बोलत न्हाईत पर पोचलेले हायेत," जनकाबाई म्हणाली. "दादा, आमच्या सुनेला गुण येऊ द्या." किसनराव म्हणाले, "बराबर," आणि बाया गहिवरल्या. त्यांना हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा आता अर्धाच हसायचा, आणि अर्धं हसू लोकांना रडण्यासारखं दिसतं. रोज थोडी थोडी मूठ वाहून चालली होती. तेवढ्यानं आपणही आटतो आहोत असं त्यांना वाटे. खळी मात्र टिकून होती, दाबून केलेली म्हणून असेल.

तरी त्यांनी आशा सोडली नाही. उरलेल्या मातीची त्यांनी मंजुळा केली. एका हातानं बाई करणं सोपं नाही. गोळा मांडीवर धरायचा, मेलेल्या उजव्या हाताचा आधार द्यायचा, आणि अंगठ्यानं पदर ओढायचा. डोळे-नाक जमलं नाही. पण पाठीचा बाक जमला, पोटाशी घेतलेले गुडघे जमले, मान जराशी पुढे, कुणाच्या कानाशी काही सांगायला निघालेली. ती मान करताना त्यांच्या घशात काहीतरी हललं, एखादा जुना शब्द असेल. ते थांबून राहिले, पण तो वर आला नाही. संध्याकाळी मंजुळा पाणी भरून आली तेव्हा त्यांनी डाव्या हातावर ती बाई धरली आणि तिच्यापुढे केली. तिनं ती खिडकीच्या उजेडात नेली, वळवून पाहिली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "महादेव केला म्हणल्यावर नंदी कसा ऱ्हाईल?"

तिनं तो नंदी देवळीत मुठीच्या शेजारी ठेवला, तोंड मुठीकडे करून. वर हळदीकुंकू वाहिलं. किसनराव बघत राहिले. नवल असं, की जागा अगदी बरोबर होती. बॉनेटवर बसल्यावर ती गिअरपासून एवढ्याच अंतरावर असायची, मान अशीच कलती. त्यांना हवं होतं ते सगळं देवळीत मांडून झालं होतं, तिच्याच हातानं, आणि ती त्याला हात जोडून उभी होती. "बराबर," ते म्हणाले. आजारपणात पहिल्यांदा आतला शब्द आणि बाहेरचा शब्द एक निघाला, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मंजुळा लवकर न्हाली. वैजनाथचे फोन वाढले होते, प्रतिक्षाला दवाखान्यात ठेवून परत आणलं होतं. मंजुळानं खाटेवर बसून नवऱ्याचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता म्हणाली, "माजं डोकं चालंना झालं. तुमाला सोडून जाऊ का लेकराला सोडून ऱ्हाऊ? तुमचं म्हणणं मला कळत न्हाई, आन् माजं मलाबी कळंना. आमच्या माहेरी मारुतीला कौल लावायचे. हा महादेव तुमच्या हातचा हाये. त्यालाच इचारते. त्यो सांगंल ते तुमीच सांगितलं म्हणून धरंन." तिनं तगरीची दोन फुलं पाण्यात बुडवली. एक मुठीच्या उजव्या अंगाला चिकटवलं, एक डाव्या. मग मोठ्यानं म्हणाली, म्हणजे देवालाही ऐकू जावं, "उजवं पडलं तर पुण्याला जायचं. डावं पडलं तर हितंच ऱ्हायचं."

किसनरावांनी पाहिलं आणि त्यांना देवाच्या आधी कळलं. तिनं मूठ ज्या तऱ्हेनं बसवली होती त्यानं अंगठ्याची खळी डाव्या अंगाला आली होती. डावं फूल त्या खळीत कोनाड्यात ठेवल्यासारखं बसलं होतं, ते महिनाभर पडलं नसतं. उजव्या अंगाला गुळगुळीत ओला उतार, रोजच्या धारेनं बुळबुळीत झालेला, आणि फूल आत्ताच खाली सरकू लागलं होतं. त्यांच्याच अंगठ्यानं त्यांच्याविरुद्ध कौल देऊन ठेवला होता. "बराबर!" ते ओरडले. "बराबर! बराबर!" डाव्या हातानं खाटेचा कठडा धरून ते उठले. मूठ नुसती फिरवली असती, अर्धा वळसा, तरी पुरे होतं. किंवा बोटानं ते डावं फूल उडवलं असतं. मेलेला पाय फरशीवर घासत ते देवळीपर्यंत पोचले, हात उचलला, आणि मंजुळानं तो हात धरला. तिला वाटलं, नवरा पाया पडायला उठला. "थांबा, थांबा, मी जोडते," ती म्हणाली. तिनं त्यांचा उजवा हात उचलला, डाव्या हाताला लावला, आणि दोन्ही हात आपल्या ओंजळीत घट्ट धरून ठेवले. एवढ्या आजारपणात तिनं त्यांना असं धरलं नव्हतं. किसनरावांनी डावा हात सोडवायला जोर केला. तिला तो थरकाप भक्तीचा वाटला, तिनं आणखी घट्ट धरलं. उजवं फूल सरकत सरकत बैठकीवर आलं आणि पन्हाळीच्या तोंडाशी पडलं.

मंजुळानं सुस्कारा सोडला. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं त्यांना दिसलं, आणि ती रडतही होती. "तुमीच सांगितलं," ती त्यांच्या छातीला डोकं टेकवून म्हणाली. "तुमच्याच हातानं सांगितलं."

रविवारी वैजनाथ गाडी घेऊन आला. ठरलं असं, की आधी बाबांना गोरेगावला सोडायचं आणि तिथून तसंच पुण्याला निघायचं. किसनरावांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा बांधला, आणि मंजुळा मागे सामानात बसली. महादेव तिनं पातळात गुंडाळून आपल्या पिशवीत घेतला होता. नंदी मात्र किसनरावांच्या डाव्या हातात दिला. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "एकटं वाटायचं न्हाई." तो आता कडक वाळला होता, मानेपाशी बारीक चीर गेली होती. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला बसल्यावर गिअर आपल्या उजव्या हाताशी येतो, हे किसनरावांना जन्मात पहिल्यांदा कळलं. त्यांचा मेलेला हात गिअरच्या शेजारी पडला होता आणि वैजनाथ गिअर बदलताना त्याला मधून मधून धक्का लागत होता. डेपो मागे गेला, मोंढा मागे गेला. सेनगाव आलं, गेलं. सोयाबीन कमरेएवढं झालं होतं. आभाळ भरून होतं पण पडत नव्हतं. मंजुळा मागून एकसारखी बोलत होती, जळबाभावजींना औषधाचं सांगायचं, डाव्या कुशीवर निजवायचं सांगायचं, जास्त तिखट नको म्हणून सांगायचं. गप्प बसली तर रडू येईल म्हणून ती बोलत होती, हे किसनरावांना कळत होतं.

नाल्यावरचा पूल दिसला. आता रुंद झाला होता, कठडे नवे होते, पण अलीकडचा चढ तोच. आज तो उतार होऊन समोरून येत होता.

"वैजू, तुला ठाव हाये का," मंजुळा हसून म्हणाली, "ह्याच पुलापाशी मी तुज्या बाबाचा हात धरला होता. भर गाडीत! गिअरवर हात व्हता त्यांचा, आन् मी बॉनेटवर बसलेली, अशी, अंग चोरून. आन् मी त्यांना म्हणलं, आता मला गोरेगावला..."

ती थांबली. गाडी पुलावर चढली. वैजनाथ म्हणाला, "मग? बाबा काय म्हणाले?" किसनरावांना मान पार मागे वळवता येत नव्हती. समोरच्या काचेत नुसता रस्ता दिसत होता. मग मागून तिचा हात आला आणि त्यानं त्यांच्या हातातला नंदी काढून घेतला. ती तो बोटांनी चाचपत असावी. शिंगं कुठं आहेत, शेपूट कुठं आहे, हा पदर कुणाचा. पिशवीची गाठ सोडल्याचा आवाज आला, पातळ उलगडल्याचा. त्यानंतर तेही थांबलं. तिला ओळख पटली, हे तिच्या श्वासावरून त्यांना कळलं.

तिचा हात पुन्हा आला. त्यांच्या डाव्या हातावर पडला आणि त्या हाताची मूठ होईपर्यंत तिनं तो दाबून धरला. किसनराव थांबून राहिले. तिनं आता वैजनाथला 'माघारी' एवढा एकच शब्द म्हणायचा होता, आणि तिला तर सगळे शब्द येत होते.

वैजनाथचा फोन वाजला. पुण्याहून होता, प्रतिक्षाच्या आईचा. तो लगबगीनं बोलला, "व्हय, निघालोच, रात्री पोचतो. आई हाये सोबत, काळजी करू नका," आणि त्यानं गाडी दामटली.

"वैजू," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"काय गं?"

रस्त्याच्या कडेला गोरेगावची पाटी आली, मुंग्यांची रांग.

"जरा हळू चालव," ती म्हणाली.

"बराबर," किसनराव म्हणाले. गाडी हळू झाली आणि गोरेगावच्या रस्त्याला लागली.